स्टुडिओतील अभिजात कंडेन्सर मायक्रोफोन आणि त्यांच्या अल्पमोली अनुकृती : एक विवेचन

सारांश

विसाव्या शतकाच्या मध्यात जर्मनी व ऑस्ट्रिया येथे तयार झालेले काही मोजके कंडेन्सर मायक्रोफोन आजही ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात मानदंड मानले जातात. १९९० नंतर या मायक्रोफोनच्या स्वस्त अनुकृती मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाल्या आणि ध्वनिमुद्रण हे केवळ धनाढ्य संस्थांचे क्षेत्र राहिले नाही. प्रस्तुत लेखात मूळ मायक्रोफोनची कार्यपद्धती, अनुकृती निर्माण होण्याची ऐतिहासिक कारणे, अनुकरणात नेमके काय साधते व काय निसटते आणि या प्रश्नाचे कायदेशीर व शैक्षणिक अंग यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : कंडेन्सर मायक्रोफोन, कॅप्सूल, ध्वनिमुद्रण, अनुकृती, बौद्धिक संपदा, मौखिक परंपरेचे जतन.

१. प्रस्तावना

एखादी वस्तू अभिजात ठरली की तिचे अनुकरण होणे अपरिहार्य असते. चित्रकला, वाद्यनिर्मिती, वस्त्रोद्योग अशा सर्वच क्षेत्रांत हा अनुभव येतो. मात्र ज्या वस्तूचे मूल्य डोळ्यांना दिसत नाही, केवळ कानांना जाणवते, तिच्या अनुकरणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा असतो. बाह्य आकार हुबेहूब असूनही आवाज वेगळा असू शकतो. उलट आकार सर्वस्वी भिन्न असूनही आवाज जवळचा असू शकतो. स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या कंडेन्सर मायक्रोफोनच्या बाबतीत हेच घडले आहे.

बर्लिनच्या नॉयमन कंपनीचा यू ८७ एआय हा मायक्रोफोन आज तीन हजार अमेरिकी डॉलरहून अधिक किमतीला मिळतो. त्याच कंपनीचा सुस्थितीतील जुना यू ४७ घ्यावयाचा झाल्यास दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागते. याउलट, त्यांच्यासारखे दिसणारे आणि त्यांच्याच परंपरेचा दाखला देणारे मायक्रोफोन शंभर ते सहाशे डॉलरच्या दरम्यान उपलब्ध आहेत. किमतीतील ही प्रचंड तफावत गुणवत्तेतील तफावतीशी कितपत सुसंगत आहे, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न होय. भाषा, लोकसाहित्य, संगीत व माध्यमविद्या या विभागांना मर्यादित अनुदानातून ध्वनिमुद्रणाची साधने खरेदी करावी लागतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता मर्यादित नाही.

२. कंडेन्सर मायक्रोफोनची कार्यपद्धती

कंडेन्सर मायक्रोफोनचा शोध ई. सी. वेन्टी यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत लावला. त्याचे तत्त्व साधे आहे. धातूच्या एका तबकडीसमोर अत्यंत पातळ असे विद्युतवाहक पटल ताणून बसविलेले असते. या दोहोंमधील अंतर मिलिमीटरच्या शतांशांत मोजावे इतके अल्प असते. तबकडी व पटल मिळून एक धारित्र, म्हणजेच कंडेन्सर तयार होतो व त्यावर साधारणतः ६० व्होल्टचा स्थिर दाब दिलेला असतो. ध्वनिलहरींमुळे पटल कंप पावते, अंतर बदलते, अंतराबरोबर धारिता बदलते आणि त्यातून ध्वनीशी समांतर असा विद्युत संकेत मिळतो. पटल व तबकडी यांच्या या जोडणीला ‘कॅप्सूल’ असे म्हणतात. कॅप्सूल हा मायक्रोफोनचा प्राण होय.

तथापि कॅप्सूलमधून मिळणारा संकेत थेट तारेतून वाहून नेता येत नाही. कॅप्सूलची धारिता केवळ ५० ते १०० पिकोफॅरड असते. तिच्यावरील विद्युतभार टिकून राहावा यासाठी अतिशय मोठा रोध लागतो. उदाहरणादाखल ६० पिकोफॅरड धारितेच्या कॅप्सूलला १ गिगाओहमचा रोध जोडला, तर सुमारे २.६५ हर्ट्झपर्यंतचे कंप सुरक्षितपणे पुढे जातात. हाच रोध १० मेगाओहम इतका ठेवल्यास ही मर्यादा सुमारे २६५ हर्ट्झवर येते आणि त्याखालचा आवाज क्षीण होऊ लागतो. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता १०० हर्ट्झच्या आसपास असते, हे ध्यानात घेतल्यास या रोधाचे महत्त्व कळून येते. म्हणूनच कॅप्सूलच्या लगत, मायक्रोफोनच्या आतच, एक लहान प्रवर्धक बसवावा लागतो. जुन्या मायक्रोफोनमध्ये हे काम निर्वात नलिका, म्हणजे व्हॉल्व्ह, करीत असे. पुढे त्याची जागा फेट जातीच्या ट्रान्झिस्टरने घेतली. प्रवर्धकानंतर बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो व त्यातून संकेत बाहेर पडतो.

अशा प्रकारे कॅप्सूल, प्रवर्धक, ट्रान्सफॉर्मर आणि या सर्वांना सामावून घेणारे जाळीदार आवरण हे मायक्रोफोनचे चार घटक होत. अनुकृतीचे मूल्यमापन करताना या चारही घटकांचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

३. अभिजात मायक्रोफोनचा उदय

जॉर्ज नॉयमन यांनी १९२८ मध्ये बर्लिन येथे आपल्या कंपनीची स्थापना केली व त्याच वर्षी सीएमव्ही ३ हा मायक्रोफोन तयार केला. बाटलीसारख्या आकारामुळे तो ‘नॉयमन बाटली’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९३० च्या दशकात ब्राउनम्यूल व वेबर या संशोधकांनी दोन पटलांची कॅप्सूल विकसित केली. तबकडीच्या दोन्ही बाजूंस पटल असल्याने एका बाजूचा ध्वनी घेणारी, सर्व दिशांचा ध्वनी घेणारी अथवा समोरचा व मागचा ध्वनी घेणारी अशी वेगवेगळी रूपे केवळ विद्युत जोडणी बदलून मिळविता येऊ लागली. नॉयमन यांची एम ७ ही कॅप्सूल याच काळातील होय.

१९४९ मध्ये बाजारात आलेला यू ४७ हा या परंपरेचा पहिला मोठा टप्पा. त्यात एम ७ कॅप्सूल आणि टेलिफुंकन कंपनीची व्हीएफ १४ ही नलिका होती. ५५ व्होल्टच्या तापतंतूसाठी घडविलेली ही नलिका यू ४७ मध्ये मुद्दाम सुमारे ३६ व्होल्टवर चालविली जात असे, जेणेकरून तिचा अंगभूत गोंगाट कमी व्हावा आणि तिचे आयुष्य वाढावे. तयार झालेल्या नलिकांपैकी मायक्रोफोनसाठी योग्य अशा नलिका निवडून त्यांवर वेगळी खूण केली जात असे. अमेरिकेतील फ्रँक सिनात्रा यांचे आणि लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतील बीटल्सचे ध्वनिमुद्रण या मायक्रोफोनशी निगडित आहे. व्हीएफ १४ चे उत्पादन १९५० च्या दशकाच्या अखेरीस थांबले आणि यू ४७ चे युगही त्याबरोबर संपुष्टात आले.

त्याची जागा १९६० मध्ये यू ६७ ने घेतली. त्यात ईएफ ८६ ही नलिका व के ६७ ही नवी कॅप्सूल होती. १९६७ मध्ये ट्रान्झिस्टरवर आधारित यू ८७ आला. व्हिएन्नाच्या एकेजी या कंपनीने १९५३ मध्ये सी १२ हा मायक्रोफोन तयार केला. त्याची सीके १२ ही कॅप्सूल नॉयमनच्या कॅप्सूलहून सर्वस्वी वेगळ्या रचनेची होती. आज बाजारात असलेल्या बहुसंख्य अनुकृती यू ४७, यू ६७, यू ८७, सी १२ आणि टेलिफुंकनसाठी तयार झालेला एलाम २५१ या पाच मायक्रोफोनभोवतीच फिरताना दिसतात.

येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. एकाच वस्तूवर वेगवेगळ्या कंपन्यांची मुद्रा उमटविण्याची प्रथा अनुकृतींच्या काळातील नाही. नॉयमनने घडविलेला यू ४७ टेलिफुंकनच्या मुद्रेनेही विकला जात असे. पुढे एलाम २५१ हा टेलिफुंकनच्या नावाने ओळखला गेला, तरी तो प्रत्यक्षात एकेजीने तयार केला होता. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनमधील कारखान्याचे नुकसान झाल्यावर नॉयमन यांनी आपले उत्पादन थुरिंगिया प्रांतातील गेफेल या गावी हलविले. युद्धानंतर ते बर्लिनला परतले. परंतु गेफेलचा कारखाना पूर्व जर्मनीत राहिला व तेथे एम ७ कॅप्सूलचे उत्पादन चालू राहिले. आज मायक्रोटेक गेफेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने ती परंपरा टिकवून ठेवली आहे. एकाच मुळापासून फुटलेल्या या दोन शाखांपैकी अस्सल वारस कोणता, याचे उत्तर मुद्रेवरून देता येत नाही.

४. अनुकृतींची पार्श्वभूमी

१९९० पर्यंत दर्जेदार मायक्रोफोन ही मोठ्या स्टुडिओंची मिरासदारी होती. १९९१ मध्ये जाहीर झालेल्या आणि त्यानंतर लवकरच बाजारात आलेल्या अडॅट या आठ पदरी डिजिटल ध्वनिमुद्रकाने ही स्थिती पालटू लागली. त्यापाठोपाठ संगणकावरील ध्वनिमुद्रण सुलभ झाले. ध्वनिमुद्रक स्वस्त झाला, परंतु त्याच्या तोंडाशी लावावयाचा मायक्रोफोन मात्र महागच राहिला. ही पोकळी भरून काढण्याची संधी ज्यांनी साधली, त्यांत चीनमधील कारखाने अग्रभागी होते.

हे कारखाने अचानक उगवलेले नव्हते. १९५० च्या दशकात बीजिंग येथे पूर्व जर्मनीच्या तांत्रिक साहाय्याने ७१८ क्रमांकाचे संयुक्त औद्योगिक संकुल उभारण्यात आले. १९६४ मध्ये त्याचे विभाजन होऊन वेगवेगळ्या क्रमांकांचे कारखाने अस्तित्वात आले. त्यांपैकी ७९८ हा परिसर आज चित्रकारांची वसाहत म्हणून जगप्रसिद्ध आहे. ७९७ मध्ये मात्र मायक्रोफोन तयार होत राहिले. जर्मन परंपरेतील मोठ्या पटलाच्या कॅप्सूल घडविण्याचे कौशल्य तेथील कारागिरांनी आत्मसात केले होते. शांघायमधील कारखान्यांनीही याच दिशेने वाटचाल केली. १९९० च्या दशकात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांची दृष्टी या कौशल्याकडे वळली.

ऑस्ट्रेलियातील रोड या कंपनीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९६७ मध्ये सिडनी येथे सुरू झालेल्या फ्रीडमन कुटुंबाच्या व्यवसायाने १९९० च्या सुमारास चिनी मायक्रोफोनमध्ये सुधारणा करून तो आपल्या बाजारात आणला. मागणी वाढल्यावर कंपनीने स्वयंचलित यंत्रसामग्रीत भांडवल गुंतवून उत्पादन ऑस्ट्रेलियातच सुरू केले. स्वस्त मायक्रोफोन म्हणजे केवळ स्वस्त मजुरी, हे समीकरण त्यामुळे अपुरे ठरते. अचूक यंत्रकाम, मोठ्या संख्येने उत्पादन आणि स्वस्त झालेले इलेक्ट्रॉनिक घटक या तिन्हींचा वाटा त्यात आहे. पुढे अमेरिकेतील मार्शल इलेक्ट्रॉनिक्सने एमएक्सएल या नावाने शंभर डॉलरच्या आसपासचे मायक्रोफोन आणले. २०११ मध्ये ऑस्टिन येथे स्थापन झालेल्या वॉर्म ऑडिओ या कंपनीने तर ‘अभिजात मायक्रोफोन परवडणाऱ्या किमतीत’ हेच आपल्या व्यवसायाचे सूत्र ठरविले.

५. अनुकरणाच्या पातळ्या

‘अनुकृती’ हा शब्द सरसकट वापरला जात असला, तरी त्यात चार भिन्न प्रकार संभवतात. पहिला प्रकार प्रतिकृतीचा. यात मूळ मायक्रोफोनचा प्रत्येक घटक शक्य तितक्या निष्ठेने पुन्हा घडविला जातो. अशा प्रतिकृतींची किंमतही मूळ वस्तूच्या जवळपास जाते. दुसरा प्रकार मंडलाच्या अनुकरणाचा. यात मूळ विद्युतमंडलाची मांडणी, कॅप्सूलची जात आणि ट्रान्सफॉर्मर कायम ठेवून खर्चिक भागांत काटकसर केली जाते. तिसरा प्रकार बाह्यानुकरणाचा. यात आवरण व जाळी ओळखीची असते, परंतु आतील मंडलाचा मूळ वस्तूशी संबंध नसतो. चौथा प्रकार बनावट मालाचा. यात दुसऱ्याचे नाव व बोधचिन्ह लावून ग्राहकाची सरळ फसवणूक केली जाते. पहिले तीन प्रकार गुणवत्तेच्या चर्चेत येतात. चौथा कायद्याच्या कक्षेत येतो.

यांपैकी तिसरा प्रकार तांत्रिकदृष्ट्या सर्वाधिक उद्बोधक आहे, कारण स्वस्त मायक्रोफोनविषयीची एक सार्वत्रिक तक्रार त्यातून उलगडते. ती तक्रार अशी की, स्वस्त मायक्रोफोनचा आवाज वरच्या पट्टीत कर्कश असतो. ‘स’ आणि ‘श’ हे वर्ण टोचतात.

या दोषाचे मूळ के ६७ कॅप्सूलच्या रचनेत आहे. नॉयमनने ही कॅप्सूल अशा प्रकारे घडविली की सुमारे १० किलोहर्ट्झच्या परिसरातील वारंवारता तिच्यातून जाणीवपूर्वक वाढून याव्यात. त्यानंतर प्रवर्धकातील ऋण प्रतिभरणाच्या साहाय्याने ही वाढ पुन्हा खाली आणली जाते. अंतिम आवाज समतोल राहतो, मात्र या प्रक्रियेत प्रवर्धकाचा उच्च वारंवारतेचा गोंगाटही दबला जातो. एफएम नभोवाणीत प्रक्षेपणापूर्वी उच्च वारंवारता वाढविणे आणि रेडिओ संचात त्या पुन्हा घटविणे, ही जी युक्ती वापरली जाते तिचेच हे रूप होय. यू ६७ व यू ८७ या दोन्ही मायक्रोफोनमध्ये कॅप्सूल आणि मंडल हे अशा रीतीने परस्परपूरक आहेत.

अनेक स्वस्त मायक्रोफोनमध्ये के ६७ च्या धर्तीची कॅप्सूल घेतली गेली. परंतु तिच्यामागे शोप्स या जर्मन कंपनीच्या धर्तीचे, ट्रान्सफॉर्मर नसलेले, सर्व वारंवारता समान ठेवणारे मंडल जोडले गेले. हे मंडल मुळात लहान व समतोल कॅप्सूलसाठी योजलेले, स्वतःपुरते निर्दोष मंडल आहे. कॅप्सूलही स्वतःपुरती निर्दोष आहे. मात्र दोहोंची सांगड घातल्यावर कॅप्सूलने वाढविलेला आवाज खाली आणणारे कोणीच उरत नाही. परिणामी कर्कशपणा ऐकू येतो. दोन उत्तम वस्तूंच्या संयोगातून सदोष वस्तू निर्माण होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. घटकांचे अनुकरण केले, परंतु त्यांच्यातील संबंधाचे अनुकरण केले नाही, असे या ठिकाणी म्हणता येईल. ही गोष्ट लक्षात आल्यानंतर अनेक हौशी तंत्रज्ञांनी अशा मायक्रोफोनमधील मंडल बदलून त्यांची गुणवत्ता लक्षणीय प्रमाणात सुधारली आहे.

सीके १२ च्या बाबतीत अडचण वेगळी आहे. या कॅप्सूलची अंतर्गत रचना इतकी किचकट आहे की मूळ कंपनीलाही तिचे उत्पादन सातत्याने करणे जड गेले व पुढे तिने सोप्या रचनेचा अवलंब केला. बाजारात ‘सीके १२ प्रकारची’ म्हणून मिळणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये विद्युत जोडणी सीके १२ प्रमाणे कडेला असते, परंतु आतील तबकड्या के ६७ च्या धर्तीच्या असतात. अशा वेळी केवळ नावावर विसंबणे योग्य नव्हे.

६. मोजता येणारे आणि न मोजता येणारे

अल्पमोली मायक्रोफोन सर्वच बाबतींत उणे असतात, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे; परंतु तो वस्तुस्थितीला धरून नाही. मायक्रोफोनचा अंगभूत गोंगाट हा त्याच्या गुणवत्तेचा एक महत्त्वाचा निकष मानला जातो. नॉयमनच्या यू ८७ एआयचा हा गोंगाट एकदिशा रूपात १२ डेसिबल आहे. त्याच कंपनीच्या १९९७ मधील टीएलएम १०३ चा ७ डेसिबल आहे. रोडच्या एनटी १ ए या कितीतरी पटींनी स्वस्त मायक्रोफोनचा कंपनीने जाहीर केलेला गोंगाट ५ डेसिबल आहे. या निकषापुरता स्वस्त मायक्रोफोन अभिजात मायक्रोफोनला मागे टाकतो, हे मान्य करावे लागते.

मग अधिकची किंमत कशासाठी, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे पहिले उत्तर सातत्य हे आहे. पटलाचा ताण, तबकडीवरील सूक्ष्म छिद्रांची खोली आणि दोन्ही बाजूंचा समतोल यांत अल्पसाही फरक पडल्यास आवाज बदलतो. नामांकित कंपन्या प्रत्येक मायक्रोफोनची चाचणी घेतात आणि मर्यादेबाहेरचा माल बाद करतात. स्वस्त उत्पादनात ही चाळणी सैल असते. त्यामुळे एकाच नमुन्याचे दोन स्वस्त मायक्रोफोन परस्परांहून भिन्न असू शकतात. एकाविषयीचे अनुकूल मत दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. दुसरे उत्तर टिकाऊपणा व दुरुस्तीची सोय हे होय. तिसरे उत्तर प्रतिष्ठा हे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

तुलनेची पद्धतही काळजीपूर्वक ठरवावी लागते. दोन मायक्रोफोनच्या पातळ्या समान केल्या नाहीत, तर किंचित मोठा आवाज श्रोत्यांना अधिक चांगला भासतो. एकदिशा मायक्रोफोन तोंडाजवळ आणल्यास खर्जाची भर पडते. त्यामुळे दोहोंचे अंतर थोडे जरी वेगळे राहिले, तरी निष्कर्ष चुकतो. कोणता मायक्रोफोन वाजतो आहे हे श्रोत्यास ठाऊक असल्यास किमतीचा प्रभाव कानांवर पडतो. या तिन्ही बाबी टाळून केलेली तुलनाच ग्राह्य मानावी.

याहून मूलगामी प्रश्न ‘मूळ’ म्हणजे काय हा आहे. एम ७ कॅप्सूलचे पटल पीव्हीसीचे असून ते कालांतराने कडक होते व आक्रसते. नलिका झिजतात आणि बदलल्या जातात. व्हीएफ १४ दुर्मीळ झाल्यावर कित्येक यू ४७ मध्ये पर्यायी नलिका बसविण्यात आली. सत्तर वर्षांच्या वापरानंतर कोणतेही दोन यू ४७ आज सारखे वाजतील याची शाश्वती नाही. अशा स्थितीत अनुकृतीने कोणत्या यू ४७ शी साम्य राखावे : १९४९ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेल्या, की आज एखाद्या स्टुडिओत जपून ठेवलेल्या? नॉयमन कंपनीने स्वतःच २०१८ मध्ये यू ६७ आणि २०२२ मध्ये एम ४९ यांचे पुनरुत्पादन केले, तेव्हा हा प्रश्न अधिकच ठळक झाला. मूळ निर्मात्याने घडविलेले नवे रूप हेही एका अर्थाने भूतकाळाचे अनुकरणच होय.

७. कायदेशीर व नैतिक बाजू

अनुकृती म्हणजे चोरी, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्याची तपासणी बौद्धिक संपदेच्या तीन अंगांनी करता येते. एकस्व, म्हणजे पेटंट, हे मुदतबंद असते. भारतात २००२ च्या दुरुस्तीने ही मुदत सरसकट २० वर्षे करण्यात आली. मर्यादित काळाची मक्तेदारी देऊन त्या बदल्यात ज्ञान समाजाच्या स्वाधीन करून घेणे, हे या व्यवस्थेचे मर्म आहे. १९४९ ते १९६७ या काळातील मंडले व कॅप्सूल यांच्या बाबतीत ही मुदत केव्हाच उलटून गेली आहे. वस्तूच्या बाह्य रूपाला संरक्षण देणाऱ्या २००० च्या अभिकल्प अधिनियमानुसार संरक्षण १० वर्षांचे असून ते आणखी ५ वर्षांनी वाढविता येते. व्यापारचिन्हाची बाब मात्र वेगळी आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमानुसार नोंदणीचे दर १० वर्षांनी नूतनीकरण करून ते कायम राखता येते.

यावरून असे दिसते की, जुन्या मंडलाचे प्रामाणिक अनुकरण हे ज्ञानाच्या सार्वजनिकीकरणाचे फलित आहे, तर दुसऱ्याचे नाव लावणे हा अपराध आहे. या दोहोंमध्ये एक करडा प्रदेशही आहे. नाव वेगळे ठेवून अंक मात्र मूळ वस्तूचेच वापरणे, आवरणाचा आकार ओळखीचा ठेवणे आणि जाहिरातीत पूर्वसूरींचा उल्लेख करणे, यांत ग्राहकाच्या मनातील प्रतिष्ठेचा लाभ घेतला जातो. कायद्याने ते निषिद्ध असेलच असे नाही. तथापि आतील मंडलाशी त्या अंकांचा संबंध नसेल, तर ते दिशाभूल करणारे खचितच ठरते.

८. महाविद्यालयीन संदर्भ

महाराष्ट्र व गोव्यातील महाविद्यालयांत बोलींचे नमुने, ओव्या, लोककथा आणि ज्येष्ठ कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे उपक्रम चालतात. अशा ध्वनिमुद्रणाची पुनरावृत्ती अनेकदा अशक्य असते. जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असलेली वृद्ध स्त्री दहा वर्षांनी पुन्हा भेटेलच असे नाही. सबब साधनाची निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे.

या कामासाठी अभिजात मायक्रोफोनची गरज नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. अंगभूत गोंगाट कमी असलेला, मध्यम किमतीचा कंडेन्सर मायक्रोफोन संग्रहासाठी पुरेसा आहे. उलट, निवडीपेक्षा परिस्थितीकडे अधिक लक्ष पुरविणे इष्ट होय. कंडेन्सर मायक्रोफोन संवेदनशील असल्यामुळे पंख्याची घरघर, रस्त्यावरील वाहने आणि उघड्या भिंतींचा घुमारा हे सर्व तो तितक्याच निष्ठेने टिपतो. घुमणाऱ्या वर्गखोलीत महागडा कंडेन्सर मायक्रोफोन वापरण्यापेक्षा बोलणाऱ्याच्या निकट ठेवलेला साधा डायनॅमिक मायक्रोफोन बहुधा अधिक सुस्पष्ट ध्वनी देतो. बहुतेक कंडेन्सर मायक्रोफोनना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. तो देणारा ध्वनिमुद्रक हाताशी आहे किंवा नाही, हे खरेदीपूर्वी तपासणे आवश्यक आहे. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या मायक्रोफोनना तर स्वतंत्र वीजसंचच लागतो आणि क्षेत्रीय कामात तो गैरसोयीचा ठरतो.

कोकण व गोव्यातील दमट हवामान ही आणखी एक अडचण. कॅप्सूलभोवतीचा रोध गिगाओहमच्या पातळीवरचा असल्याने पृष्ठभागावर ओल धरल्यास विद्युतभार गळू लागतो व आवाजात तडतड ऐकू येते. पावसाळ्यात मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवणे आणि वापरापूर्वी तो खोलीच्या तपमानास येऊ देणे, ही साधी दक्षता पुरेशी असते. पटलावरील धूळही ओल शोषून घेते. म्हणून वापर नसताना मायक्रोफोन झाकून ठेवावा. किंमत काहीही असली, तरी हा नियम सर्व कंडेन्सर मायक्रोफोनना सारखाच लागू पडतो.

खरेदी समितीसमोर विचारार्थ ठेवावयाचे निकष मोजके आहेत : जाहीर केलेला अंगभूत गोंगाट, कॅप्सूलची जात व तिला साजेसे मंडल, दुरुस्तीची सोय, अधिकृत विक्रेत्याची पावती आणि शक्य असल्यास प्रत्यक्ष चाचणी. ख्यातनाम मायक्रोफोन अविश्वसनीय वाटावा इतक्या अल्प किमतीत देऊ केला जात असेल, तर तो बनावट असण्याची शक्यता गृहीत धरावी.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, अभिजात मायक्रोफोनचे श्रेष्ठत्व कोणत्याही एका घटकात नसून घटकांच्या परस्परसंबंधात आहे. अनुकृतीचे यशापयश हा संबंध ओळखण्यावर अवलंबून असते. दोन, किंमत आणि गुणवत्ता यांचे नाते सरळ रेषेत जात नाही. काही मोजता येणाऱ्या निकषांवर अल्पमोली मायक्रोफोन सरस ठरतात. सातत्य व टिकाऊपणा यांत ते मागे पडू शकतात. तीन, ‘मूळ’ आणि ‘अनुकृती’ यांतील सीमारेषा वाटते तितकी ठळक नाही. मुद्रेचे हस्तांतर, युद्धोत्तर फाळणी, झीज आणि पुनरुत्पादन यांनी ती आरंभापासूनच पुसट केली आहे. चार, मुदत संपलेल्या ज्ञानाचा प्रामाणिक वापर आणि नावाची चोरी यांत भेद करणे आवश्यक आहे.

ध्वनिमुद्रणाचे साधन आवाक्यात आल्यामुळे, पूर्वी ज्यांच्यापर्यंत स्टुडिओ कधी पोहोचला नसता अशा गावांतील व घरांतील आवाज आज नोंदविता येतात. कोणता मायक्रोफोन वापरला, ही तपशिलाची नोंद संग्रहात अवश्य ठेवावी. मात्र साधन महाग असल्याच्या कारणाने नोंदच राहून जाण्याची सबब आता उरलेली नाही. पुढील काम साधनाचे नसून ते वापरणाऱ्या अभ्यासकाचे आहे.